ॲटमॉस्फिअर: मिनियापोलिसच्या रॅप जोडगोळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲटमॉस्फिअर म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं मिनियापोलिस शहर आणि तिथले दोघे जण. शब्द आणि आवाज स्लगचा, म्हणजे शॉन डेलीचा. संगीत अँटचं, म्हणजे अँथनी डेव्हिसचं. पहिला अल्बम १९९७चा, आणि अजूनही दोघं एकत्रच काम करतात. हिप-हॉपमध्ये जोड्या जमतात पटकन आणि फुटतात त्याहून पटकन, हे पाहिलेल्यांना यातलं नवल लगेच कळेल.

सुरुवात कशी झाली?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्लग आणि स्पॉन (डेरेक टर्नर) यांनी मिळून गट केला. नाव होतं अर्बन ॲटमॉस्फिअर. तेव्हा रॅप करायचा स्पॉन, आणि स्लग त्याचा डीजे. पुढे स्लगही माइकसमोर आला, अँट भेटला आणि नावातलं 'अर्बन' गळालं.

त्या काळी रॅप म्हटलं की न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस. मिनियापोलिसची ख्याती प्रिन्स या गायकामुळे आणि गिटारवाल्या रॉक बँडमुळे. इथल्या रॅपरला शोधत मोठ्या कंपनीचा माणूस येणार, अशी आशाही कोणी धरत नव्हतं. मग हेडशॉट्स नावाच्या टोळक्याने आपल्याच कॅसेट भरून विकायला सुरुवात केली. त्यातूनच १९९५मध्ये स्लग, अँट, मुसाब आणि ब्रेंट सेयर्स ऊर्फ सिद्दीक यांनी ऱ्हाइमसेयर्स हे लेबल काढलं. १९९६मध्ये मुसाबची 'कंपॅरिझन' ही कॅसेट आली (तेव्हा तो बियाँड नावाने रॅप करायचा), आणि १९९७मध्ये ॲटमॉस्फिअरचा 'ओव्हरकास्ट!'. त्यानंतर स्पॉन बाहेर पडला आणि दोघेच उरले.

'ओव्हरकास्ट!' आज ऐकण्यासारखा आहे का?

'स्केपगोट'साठी तरी ऐकाच. आपल्या आयुष्याची वाट कोणामुळे लागली, याची लांबच लांब यादी म्हणजे हे गाणं. कॅफीन, निकोटीन, शहर, माणसं, हवा, जे सुचेल ते स्लग एका दमात मोजत जातो. दोष सगळ्यांचा, फक्त माझा नाही, असा एकूण सूर. अँटने खाली उदास, एकसुरी तुकडा लावून दिलाय आणि तो शेवटपर्यंत हलवलेला नाही. बाकीचा अल्बम त्या काळच्या भूमिगत रॅपसारखाच आहे: शब्दांची कसरत, प्रतिस्पर्ध्यांना टोले. एखाददुसऱ्यांदा ऐकून बाजूला ठेवला तरी चालेल.

स्लग गोरा आहे का?

हा प्रश्न टळत नाही, म्हणून थोडक्यात. तो मिश्र वंशाचा आहे, आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय. 'स्लग' हे नावही वडिलांकडूनच आलं. त्यांना मित्रमंडळी स्लगो म्हणायची, म्हणून हा छोटा स्लगो. दक्षिण मिनियापोलिसमध्ये वाढला. २०१४च्या 'साउथसाइडर्स' या अल्बमचं नाव त्याच भागावरून आहे.

'स्वतंत्र' गट म्हणतात, पण वितरण मोठ्या कंपन्यांचं. मग स्वतंत्र कसले?

गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

रेकॉर्ड निघते तेव्हा कामं दोन. एक, रेकॉर्डिंगचा खर्च करणं, त्याची मालकी ठेवणं, काय आणि कधी काढायचं ते ठरवणं. दुसरं, छापलेल्या सीडी आणि रेकॉर्ड गावोगावच्या दुकानांत पोहोचवणं. मोठी कंपनी दोन्ही करते आणि बदल्यात सहसा मालकी स्वतःकडे घेते. ऱ्हाइमसेयर्सने पहिलं काम कायम हातात ठेवलं आणि दुसरं वेळोवेळी वेगवेगळ्यांना दिलं. २००२चा 'गॉड लव्हज अग्ली' फॅट बीट्समार्फत दुकानांत गेला. २००३चा 'सेव्हन्स ट्रॅव्हल्स' एपिटाफच्या साथीने निघाला. एपिटाफ हे पंक रॉकचं लेबल. त्यामुळे ज्या पोरांच्या कपाटात एकही रॅप सीडी नव्हती, त्यांच्यापर्यंत स्लगचा आवाज गेला. मैफलींना येणारी गर्दी बदलली ती तेव्हापासून. पुढे वॉर्नर समूहाच्या वितरण शाखेशी करार झाला, पण लेबल विकलं गेलं नाही.

पैसा कुठून यायचा? मुख्यतः दौऱ्यांतून. व्हॅन काढायची, मध्य अमेरिकेतल्या अशा गावांत जायचं जिथे कुठला रॅपर फिरकत नाही, रात्री कार्यक्रम करायचा आणि दाराशी टेबल मांडून टी-शर्ट आणि सीडी विकायच्या. पुढच्या वर्षी त्याच गावात परत जायचं. 'सेव्हन्स ट्रॅव्हल्स'च्या गाण्यांत शहरांची नावं सारखी येत राहतात, त्याचं कारण हेच.

शिवाय स्वतःचं दुकान होतं. १९९९मध्ये मिनियापोलिसच्या अपटाउन भागात ऱ्हाइमसेयर्सने फिफ्थ एलिमेंट उघडलं. रेकॉर्ड, कॅसेट, कपडे आणि आतच छोटेखानी कार्यक्रम. दोनेक दशकं चालून ते बंद झालं. स्लग स्वतः त्याआधी शहरातल्या इलेक्ट्रिक फीटस या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. गल्ल्याच्या कोणत्या बाजूला काय घडतं, हे त्याला तिथेच कळलं असणार.

म्हणून माझं मत असं की यांचं स्वातंत्र्य हिशेबाच्या वहीत शोधावं. गाण्यात व्यवस्थेला शिव्या घालणारे आणि मालकी लिहून देणारे गट ढिगाने सापडतात.

ल्युसी कोण?

२००१चा 'ल्युसी फोर्ड' (दोन ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड, एकत्र करून निघालेला) आणि २००२चा 'गॉड लव्हज अग्ली' या दोन्हींत ल्युसी वावरते. वरवर पाहिलं तर सोडून गेलेली प्रेयसी. पण 'ल्युसी फोर्ड' भरभर म्हणून पाहा, सैतानाचं इंग्रजी नाव, लुसिफर, ऐकू येईल. एका गाण्यात ती बाई वाटते, दुसऱ्यात दारू, तिसऱ्यात प्रसिद्धीची हाव, कधी समोरचा श्रोताच. स्लगने तिला कोणत्याही एका खुंटीला बांधलेलं नाही. एकच खरी बाई शोधून काढायचा खटाटोप चाहत्यांनी पुष्कळ केला, तो सोडून दिलेला बरा.

याच काळातलं 'द वुमन विथ द टॅटूड हँड्स' जरूर ऐका. एका बाईच्या दोन्ही तळव्यांवर दोन स्त्रिया गोंदलेल्या आहेत आणि त्या हलू लागतात. रॅपमध्ये इतकी शांत, विचित्र गोष्ट सांगायची पद्धत तेव्हा नव्हती.

यांना 'इमो रॅप' का म्हणायचे?

इमो म्हणजे पंक रॉकची हळवी, भावुक शाखा. स्लग रडगाणं गायचा म्हणून हे नाव, असं विरोधकांचं म्हणणं. प्रेमभंग, दारू, एकटेपणा, स्वतःचा तिटकारा. रॅपरने आपण किती मोठे हे सांगायचं असा रिवाज असताना हा आपण किती वाया गेलोय ते सांगत होता. एपिटाफमुळे पंकवाली मंडळी यायला लागल्यावर शिक्का आणखी पक्का बसला.

शिक्का सगळाच खोटा नाही. 'गॉड लव्हज अग्ली' सलग ऐकताना मधेच वैताग येतो: एवढी आत्मदया, आणि गाण्यातल्या बायांवर एवढा राग. आज हे जास्तच टोचतं. पण त्याच अल्बममध्ये 'मॉडर्न मॅन्स हसल'सारखं गाणं आहे, जिथे हाच माणूस दौऱ्यावरून घरी फोन करणाऱ्यासारखा मऊ होतो.

अँट नेमकं काय करतो? बीट तर कोणीही बनवतं.

असं म्हणणाऱ्याने 'येस्टरडे' एकदा नीट ऐकावं. २००८चं गाणं. हसरी पियानोची धून, टाळ्यांसारखा ठेका, एखाद्या जुन्या पॉप गाण्यासारखं. स्लग सांगतोय की काल रस्त्यावर तू दिसल्यासारखं वाटलं, चालण्याची ढब तीच, हाक मारावीशी वाटली. आपण समजतो जुनी मैत्रीण. शेवटाकडे कळतं की तो हे वारलेल्या वडिलांशी बोलतोय. आता विचार करा, धून उदास असती तर? पहिल्याच कडव्यात गुपित फुटलं असतं. अँटने आपल्याला हसत ठेवलं, म्हणून तो शेवट लागतो. ही अक्कल 'कोणाही'कडे नसते.

सुरुवातीची बरीच वर्षं अँट दौऱ्यावर जातच नसे. तो घरी सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधले तुकडे, कापत बसायचा आणि रंगमंचावर डीजे म्हणून मिस्टर डिब्ज असायचा. त्यामुळे लोकांना चेहरा ठाऊक एकट्या स्लगचा. ऱ्हाइमसेयर्सच्याच ब्रदर अली या रॅपरचा २००३चा 'शॅडोज ऑन द सन' हाही सगळा अँटच्याच संगीतावर उभा आहे. तो ऐकला की लक्षात येतं, ॲटमॉस्फिअरचा अर्धा स्वभाव अँटचा आहे आणि दुसऱ्याच्या आवाजाखाली तो वेगळा वागतो. अलीसाठी तो सोल आणि गॉस्पेलच्या अंगाने भरून वाजवतो, स्लगसाठी जागा मोकळ्या सोडतो.

'लेमन्स'चं एवढं कौतुक का?

पूर्ण नाव 'व्हेन लाइफ गिव्हज यू लेमन्स, यू पेंट दॅट शिट गोल्ड'. २२ एप्रिल २००८ रोजी आला आणि पहिल्याच आठवड्यात ३६,००० प्रती खपून बिलबोर्ड २०० या अमेरिकी अल्बमांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला. मिनियापोलिसमधून चालणाऱ्या लेबलसाठी ही न भूतो अशी गोष्ट होती.

आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. तोवर गाण्यातला 'मी' म्हणजे स्लग. इथे त्याने स्वतःबद्दलचं बोलणं कमी केलं आणि इतरांच्या गोष्टी सांगितल्या. 'ड्रीमर'मध्ये पोरं एकटीने वाढवणारी आई. 'गॅरंटीज'मध्ये बिलं आणि पगार यांची तोंडमिळवणी करणारा कामगार, साथीला नुसती गिटार. 'शुडा नोन'मध्ये नशेत अडकलेलं जोडपं. अँटनेही सॅम्पल बऱ्यापैकी बाजूला ठेवून वादक बसवले.

'द वेट्रेस' तर एकदम खास. कॅफेच्या आडोशाला दिवस काढणारा एक बेघर माणूस तिथल्या वेट्रेसशी बोलतो. ती त्याला हाकलते, तो तिला टोमणे मारतो, आणि त्याच्या दिवसातली ओळखीची व्यक्ती तेवढी एकच असते. मागे जो खरखरीत तोंडाने ठेका धरतोय, तो टॉम वेट्स. होय, तोच नामांकित गायक. 'युअर ग्लासहाउस'मध्ये टीव्ही ऑन द रेडिओ या रॉक बँडचा गायक टुंडे ॲडेबिंपे आहे. पाहुण्यांची नावं वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापून मिरवली असती कोणी. यांनी एकाला ठेका धरायला लावलं आणि दुसऱ्याला मागे गुणगुणायला.

'सॅड क्लाउन बॅड डब' हा काय प्रकार आहे? आकडे जुळत नाहीत.

जुळणारही नाहीत. दौऱ्यावर विकायला घरच्या घरी केलेल्या सीडींची ही मालिका, दोन क्रमांकापासून सुरू झालेली. पहिला कुठे गेला म्हणून शोधत बसू नका. आवाजाची प्रत यथातथा, गाणी कच्ची, काही नंतर अल्बमवर गेलेली. २००७-०८मध्ये याच मालिकेत ऋतूंच्या नावाचे चार ईपी आले, क्रमांक ९ ते १२. उन्हाळ्याच्या ईपीवरचं 'सनशाइन' हे त्यांचं सर्वांत लाडकं गाणं असावं. आदल्या रात्रीची उतरलेली नाही, डोकं ठणकतंय, दार उघडलं तर बाहेर लख्ख ऊन. मग सायकल काढून नुसतं भटकायचं. गोष्ट एवढीच. मिनियापोलिसचा हिवाळा किती महिने छळतो ते माहीत असलं की त्या उन्हाची किंमत जास्त कळते.

याशिवाय 'स्ट्रिक्टली लीकेज' आणि 'लीक ॲट विल' हे संग्रह त्यांनी इंटरनेटवर चक्क फुकट वाटले. अल्बम चोरून फुटण्याचा तो काळ, त्यावरची ही थट्टा.

'लिटल मॅन' आणि 'दॅट नाइट' ऐकून अस्वस्थ झालो. मागची गोष्ट काय?

दोन्ही २००५च्या 'यू कान्ट इमॅजिन हाउ मच फन वुई आर हॅविंग' मधली.

'लिटल मॅन' म्हणजे तीन पत्रं. पहिलं मुलाला, दुसरं वडिलांना, तिसरं स्वतःला. सतत दौऱ्यावर असणारा बाप मुलाची माफी मागतो आणि मग आपल्या बापाकडे वळतो. आपण नेमकं कोणासारखे होत चाललोय, हे त्याला तिसऱ्या कडव्यात उमगतं. माझ्या मते स्लगचं लेखन इथून प्रौढ झालं.

'दॅट नाइट'ची हकिकत भीषण आहे. २००३मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात त्यांच्या कार्यक्रमाला आलेल्या १६ वर्षांच्या मुलीचा त्या सभागृहातच खून झाला. स्लगला ते गाणं लिहायला वेळ लागला आणि त्याने ते भडक केलं नाही. त्यावर जास्त लिहिणं मलाही बरं वाटत नाही.

आयडियाचं नाव सारखं येतं. तो गटात होता का?

गटात नाही, पण घरातलाच. आयडिया, म्हणजे मायकल लार्सन, शेजारच्या सेंट पॉलचा. समोरासमोरच्या रॅप सामन्यांत त्याला तोड नव्हती. ॲटमॉस्फिअरच्या दौऱ्यांत तो स्लगच्या ओळी उचलून धरायला सोबत असे आणि डीजे ॲबिलिटीजबरोबर त्याचे स्वतःचे अल्बम याच लेबलवर आले. ऑक्टोबर २०१०मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी तो गेला. 'साउथसाइडर्स'मधलं 'फ्लिकर' त्याच्यासाठी आहे. तुझ्यावर गाणं केलं तर तुलाच ते आवडणार नाही, असा संकोच त्या गाण्यातच आहे. श्रद्धांजलीची गाणी सहसा गुळमट होतात, हे झालं नाही.

फेल्ट म्हणजे काय?

स्लग आणि कॅलिफोर्नियाचा रॅपर मर्स यांचा जोडधंदा. पहिले तीन अल्बम एकेका अभिनेत्रीला अर्पण: २००२ला क्रिस्टिना रिची, २००५ला लिसा बॉनेट, २००९ला रोझी पेरेझ. संगीत अनुक्रमे द ग्राउच, अँट आणि एसॉप रॉक यांचं. चौथा २०२०मध्ये आला. दोन मित्रांची टवाळी म्हणून ऐकावं. दुसरा सर्वांत चांगला.

ऱ्हाइमसेयर्सवर आणखी कोण?

ब्रदर अली, पी.ओ.एस., एव्हिडन्स, साम वन, एसॉप रॉक अशा रॅपरांचे अल्बम वेगवेगळ्या काळात इथून निघाले. न्यूयॉर्कच्या रॅपर एमएफ डूमचा २००४चा 'एमएम..फूड' याच लेबलचा, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. डूमच्या निधनानंतर २०२१मध्ये आलेल्या ॲटमॉस्फिअरच्या 'वर्ड?' अल्बममध्ये 'बारकेड' नावाचं गाणं आहे, त्यात डूम आणि एसॉप रॉक दोघेही आहेत.

साउंडसेट महोत्सव अजून होतो का?

ऱ्हाइमसेयर्सचा हा हिप-हॉप महोत्सव २००८मध्ये मेट्रोडोम स्टेडियमच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा झाला, मग काही वर्षं शकोपीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर आणि २०१६पासून मिनेसोटाच्या जत्रेच्या मैदानावर. मे महिन्याच्या शेवटी, एक दिवस, हजारोंची गर्दी. २०१९चा शेवटचा.

२००८ नंतरचं काय ऐकण्यासारखं आहे?

चाहत्यांत यावरून भांडणं होतात. २०११च्या 'द फॅमिली साइन'मध्ये गिटारवाला नेट कॉलिस आणि कीबोर्डवाला एरिक अँडरसन बरोबरीने आहेत. अल्बम संथ, घरगुती. जुन्या लोकांना तो झोपाळू वाटला. मला 'बिकेम' हे गाणं त्यासाठी पुरेसं कारण वाटतं: बर्फात तंबू ठोकून दोघं झोपलेली, सकाळी एकाची पावलं दूर गेलेली आणि आजूबाजूला लांडग्यांच्या खुणा. घरातल्या मारहाणीवरचं 'द लास्ट टू से'ही त्यातलंच.

'फिशिंग ब्लूज' (२०१६) लांबलाय, निम्मा कापला असता तरी चाललं असतं. 'मी विदा लोकल' (२०१८) मात्र दहा-बारा गाण्यांत आटोपतो आणि पन्नाशीकडे झुकलेल्या बापाची काळजी, मृत्यूची भीती, शेजारपाजार असं सगळं त्यात नेमकं उतरलंय. त्यानंतर त्यांनी धडाकाच लावला: 'व्हेनेव्हर' (२०१९), 'द डे बिफोर हॅलोवीन' (२०२०), 'वर्ड?' (२०२१), 'सो मेनी अदर रिॲलिटीज एक्झिस्ट सायमल्टेनियसली' (२०२३). २०२५च्या 'जेस्चर्स'मध्ये इंग्रजी वर्णमालेप्रमाणे एकेका अक्षराचं एक अशी २६ गाणी आहेत.

शिव्या असतात का? घरात लावता येईल?

असतात, भरपूर. 'येस्टरडे', 'सनशाइन' आणि 'द बेस्ट डे' त्यातल्या त्यात बिनधोक. बाकी हेडफोन.

इंग्रजी भराभर कळत नाही. तरी जमेल?

जमेल. स्लग अतिवेगवान नाही आणि उच्चार स्पष्ट आहेत. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. गोष्ट सांगणारी गाणी आधी घ्या, शहरांच्या आणि मित्रांच्या नावांनी भरलेली नंतर. 'लिकर लाइल्स कूल जुलै'मधलं लिकर लाइल्स हा मिनियापोलिसचा बार होता आणि 'लिफ्टर पुलर' हा तिथलाच एक बँड होता. अशा जागी अडकायला होतं, पण पुढे सरकलं तरी काही बिघडत नाही.

एकच अल्बम घ्यायचा तर?

'लेमन्स'. तो रुचला तर मागे 'यू कान्ट इमॅजिन'कडे जा आणि तिथून 'गॉड लव्हज अग्ली'कडे. उलट्या क्रमाने जाणारे बरेचदा ल्युसीच्या पायरीवरच कंटाळून परत फिरतात. आणि 'सेव्हन्स ट्रॅव्हल्स' लावलात तर शेवटचं गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. जरा थांबलात की 'से श्श' हे लपवलेलं गाणं सुरू होतं, आपलं शहर मुलं वाढवायला किती बरं आहे हे सांगणारं.